मासे सीमा ओलांडतात, जेलमध्ये खलाशी जातात

पालघर-डहाणू पट्ट्यातले बरेच जण सीझनला गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, ओखा-पोरबंदरहून बोट सुटते आणि कधीतरी बातमी येते की पाकिस्तानच्या मेरिटाइम सिक्युरिटी एजन्सीने बोट पकडली, सगळे कराचीच्या जेलमध्ये. तिकडचे मच्छीमारही आपल्याकडे असेच अडकलेले असतात. मला हे फार लागतं, कारण समुद्राच्या कायद्यात यावर स्पष्ट लिहिलेलं आहे.

तो कायदा म्हणजे १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी करार. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा देशाचा स्वतःचा समुद्र, आणि २०० मैलांपर्यंत, म्हणजे ३७० किलोमीटर, तिथल्या माशांवर त्या देशाचा हक्क. या १२ ते २०० च्या पट्ट्यात परक्या बोटीने मासेमारी केली तर बोट पकडता येते, दंड करता येतो, पण कलम ७३ म्हणतं की योग्य जामीन दिला की बोट आणि माणसं लगेच सोडायची, आणि दोन देशांत वेगळा करार नसेल तर कैदेची शिक्षा द्यायचीच नाही. भारताने हा करार १९९५ मध्ये कायम केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये.

२०० चा आकडा आधी १९४७ मध्ये चिली आणि पेरूने मांडला होता, पण तो रुजण्यामागे कॉड नावाच्या माशावरून झालेलं मोठं भांडणही आहे. किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, ज्याला खंडमंच म्हणतात, तिथे उजेड आणि पोषक द्रव्यं दोन्ही मिळतात म्हणून मासळी तिथेच जास्त (आपल्या मुंबईसमोर हा मंच २०० किलोमीटरहून रुंद आहे, इथल्या मासळीचं मोठं कारण तेच). आइसलँडचं पोट या मासळीवर, आणि ब्रिटिश ट्रॉलर तिथे येऊन कॉड उपसायचे. मग आइसलँडने हद्द १९५८ मध्ये १२ मैल केली, १९७२ मध्ये ५०, १९७५ मध्ये थेट २००, आणि त्यांच्या तटरक्षक बोटी ट्रॉलरच्या जाळ्याचे दोरच कापायच्या, ब्रिटनने युद्धनौका पाठवल्या, टकरा झाल्या. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७४ मध्ये सांगितलं की ५० मैलांची हद्द ब्रिटनवर एकतर्फी लादता येणार नाही, बोलणी करा. आइसलँड त्या कोर्टात हजरच राहिला नाही, आणि १९७६ मध्ये माघार ब्रिटनला घ्यावी लागली. त्याच वर्षी भारतानेही कायदा करून २०० मैल जाहीर केले.

पण माशाला हद्द कुठे कळते. १९९५ मध्ये कॅनडाने स्वतःच्या २०० मैलांबाहेर ‘एस्ताय’ हा स्पॅनिश ट्रॉलर पकडला, कारण हद्दीच्या आतबाहेर फिरणारा हॅलिबट मासा बाहेर संपला तर आतही संपणार. स्पेन कोर्टात गेला, १९९८ मध्ये कोर्ट म्हणालं हा खटला आमच्या अधिकारात येत नाही. मात्र अशा फिरत्या माशांसाठी वेगळा करार १९९५ मध्येच झाला.

आता आपल्या सर क्रीककडे या. कच्छ आणि सिंधमधली ही जवळपास ९६ किलोमीटरची चिखलाची खाडी, आणि वादाचा कागद आपल्या मुंबईचा, कारण तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता आणि १९१४ चा ठराव मुंबई सरकारने केला. पाकिस्तान म्हणतं त्या ठरावाच्या नकाशातली हिरवी रेघ पूर्व काठावर आहे, म्हणजे पूर्ण खाडी आमची, भारत म्हणतो हद्द मधल्या प्रवाहातून. खाडीचं तोंड जिथे मानाल तिथून समुद्रातली रेघ सुरू होते, आणि कात्रीची पाती खिळ्याजवळ जवळ असून टोकाला लांब जातात तसा मुखाशी थोडा फरक पुढे समुद्रात मोठ्या पट्ट्याचा होतो. रेघ ठरलेलीच नाही, मग जीपीएस असलेल्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, तरी कुठे थांबायचं?

बांगलादेशबरोबरचा असाच वाद २०१४ मध्ये लवादाने सोडवला, वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला गेले आणि भारताने ते मानलं. सर क्रीकला वेळ लागेल, पण खलाशाला सोडायला रेघ ठरायची गरजच नाही. १२ मैलांच्या आत पकडलेल्यांना कलम ७३ लागू होत नाही हे खरं, तरी दोन्ही सरकारं दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतातच, त्यात मच्छीमारांची वेगळी यादी असते, तर नागरिकत्व पटलं की महिनाभरात बोटीसकट परत, एवढा साधा करार करायला काय हरकत आहे? आज माणूस सुटला तरी बोट बहुतेक वेळा तिकडेच सडते, आणि बोट म्हणजे एका घराचं कर्ज.