सोमवारची धाप

सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत आमच्या शेजारी राहणाऱ्या अण्णांना हळू बोलता येत नाही. लग्नात कुणाच्या कानात काही सांगायला गेले, की अख्ख्या मांडवाला ते कळतं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी माग चालवला, आधी चादरीचा आणि मग टॉवेलचा. त्यांच्या टीव्हीचा आवाज एवढा, की मालिकेतली सासू आमच्या स्वयंपाकघरात येऊन भांडते. म्हटलं, अण्णा, कान तपासून घ्या. तर म्हणाले, "ऐकू सगळं येतं रे. कळत नाही."

या एका वाक्यात कानाचं निम्मं शास्त्र आहे. त्याकडे येतोच, पण आधी त्यांच्या वडिलांचं सांगायला हवं.

वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या गाठी फोडून, पिंजून, त्याचे पेळू काढायचे ते खातं. अण्णांना लहानपणचं आठवतं ते असं, की सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी वडिलांची छाती आवळून यायची. पाळी संपवून घरी आले की ओट्यावरच बसायचे, बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बरंच बरं, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. घरात याचा अर्थ सरळ लावला गेला होता: सुटी अंगात मुरली की कामाचा कंटाळा येतो. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, तोही तेच म्हणायचा.

हा कंटाळा नव्हता, कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार होता. त्याला नाव आहे, बायसिनोसिस. तलम कापडासाठीच्या 'बिसॉस' या ग्रीक शब्दावरून ते आलं. हे नाव पहिल्यांदा वापरलं फ्रेंच डॉक्टर आद्रियाँ प्रूस्त यांनी, १८७७ साली. (कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचे हे वडील. मुलाला आयुष्यभर दम्याने छळलं, हा आणखी एक योगायोग.) आणि १८७७ हेच सोलापूरच्या जुन्या गिरणीचंही साल. मोरारजी गोकुळदासांची ही गिरणी उभी राहिली आणि गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. तिकडे रोगाला नाव मिळालं आणि इकडे रोगाला घर मिळालं, एकाच वर्षी.

नाव मिळालं तरी रोग कळला नव्हता. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये लँकशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी कामगारांना एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: छाती कोणत्या दिवशी भरून येते? फक्त सोमवारी, की इतर दिवशीही? उत्तरावरून त्यांनी रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. कधीमधी एखाद्या सोमवारी, दर सोमवारी, आठवड्यातल्या इतर दिवशीही, आणि शेवटची पायरी म्हणजे कायमची धाप. जोडीला फुंकणीची तपासणी. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर माणसाला जोरात फुंकायला लावायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजायचं. सोमवारी संध्याकाळी हा आकडा घसरलेला दिसतो. यंत्राचा भाग एवढाच, खरं काम वार विचारण्याने केलं.

भारतात हा आजार नाहीच, किंवा नगण्य आहे, असं बराच काळ मानलं जाई. उष्ण हवा, उघड्या खिडक्या, आपल्याकडे कशाला होईल, असा तर्क. मग मुंबईत आणि अहमदाबादेत गिरणी कामगारांच्या छात्या पद्धतशीर तपासल्या गेल्या आणि तो सापडला. शोधला नाही म्हणून नव्हता, एवढंच. पुढे कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांची खबर सरकारला द्यावीच लागते अशा आजारांच्या यादीत, बायसिनोसिस आला.

पण सोमवारीच का? धूळ तर रोजचीच असते.

दोष कापसाच्या तंतूचा नाहीच मुळी. तंतूबरोबर बोंडाच्या बुडाशी असणाऱ्या पानांचा चुरा येतो, आणि त्या चुऱ्यावर शेतातच वाढलेले जिवाणू असतात. जिवाणू मेले तरी त्यांच्या बाहेरच्या आवरणाचा एक घटक, एंडोटॉक्सिन, धुळीत शिल्लक राहतो. तो श्वासाबरोबर फुप्फुसात गेला की तिथल्या पहारेकरी पेशींना वाटतं, जिवंत शत्रू आला. त्या आरडाओरडा करतात, रक्तातून पांढऱ्या पेशींची फौज येते, श्वासनलिका सुजते आणि आवळते. मात्र एकदा असा धक्का खाल्लेल्या पेशी पुढचे काही दिवस त्याच विषाला कमी दाद देतात. म्हणून मंगळवार हलका. सुटी मिळाली की त्या पुन्हा ताज्यातवान्या, आणि सोमवारी पुन्हा पहिल्यासारखा गदारोळ. शरीर धुळीला 'सरावतं' असं आपण म्हणतो ते इतपत खरं आहे. फरक एवढाच, की तक्रार थांबते, झीज थांबत नाही.

कारण कळलं की उपायाची दिशा बदलते. कापूस आधी नीट धुतला, तर त्रास कमी होतो, हे प्रयोगांत दिसलं. धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारी यंत्रणा बसवली तर आणखी कमी. अमेरिकेने १९७८ मध्ये सूतकताईच्या खात्यांसाठी हवेच्या दर घनमीटरमागे ०.२ मिलिग्रॅम अशी धुळीची मर्यादा घातली. गिरणीमालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९८१ मध्ये हरले. त्यानंतर तिथे हा आजार झपाट्याने ओसरला. औषधाने नव्हे, झाडूच्या जागी शोषकनळी आल्याने.

शांघायमधलं काम मला सर्वांत चोख वाटतं. १९८१ पासून तिथल्या सुती गिरण्यांतले आणि रेशीम गिरण्यांतले कामगार शेजारी शेजारी ठेवून अनेक वर्षं तपासले गेले. दोघांचं शहर एक, पगार आणि राहणीमान जवळपास सारखं, फरक धुळीचा. रेशमाच्या धुळीत एंडोटॉक्सिन नगण्य असतं. सुतवाल्यांची फुप्फुसं जास्त वेगाने खालावली, आणि काम सोडल्यावर काही प्रमाणात सावरली. त्याच शहरातल्या स्त्री कामगारांच्या एका मोठ्या पाहणीतून, २००७ मध्ये, भलतंच काही पुढे आलं. ज्यांनी कापसाची धूळ जास्त खाल्ली, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला. एंडोटॉक्सिनमुळे सतत जागी राहिलेली प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या गाठींनाही आवरत असावी, असा त्याचा एक अर्थ लावतात. यावरून कुणी धूळ खा असं सांगणार नाही. पण विज्ञानात खलनायक कधीकधी असाही वागतो, म्हणून सांगितलं.

जुनी गिरणी गेली, मग एकेक करत इतरही गेल्या. कापड मात्र गेलं नाही, ते पूर्व भागातल्या शेडमध्ये आलं. यंत्रमागावर धूळ कार्डिंगपेक्षा कमी असते. तिथे मुख्य शत्रू आवाज. म्हणजे आता अण्णा.

धोट्याचा माग म्हणजे मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा या टोकावरून त्या टोकावर फेकणं आणि आदळून थांबवणं. अशा मागांच्या शेडमध्ये आवाज साधारण ९५ ते १०५ डेसिबल भरतो. आठ तासांसाठी आपल्याकडची मर्यादा ९० ची. पाच ते पंधराचाच तर फरक, असं वाटेल. डेसिबलची मोजपट्टी मात्र तशी चालत नाही. ९० वरून १०० वर गेलं की कानावर पडणारी ऊर्जा दहापट होते. घरी करायची एक ढोबळ कसोटी आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक आहे.

आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते, तिच्यात सुमारे १५-१६ हजार केसपेशी. आवाजाच्या लाटेने त्यांच्या टोकावरचे तंतू डोलतात आणि त्याचा संदेश मेंदूकडे जातो. उंच पट्टीचे आवाज शंखाच्या तोंडाशी ओळखले जातात, खालच्या पट्टीचे आत टोकाशी. सतत गोंगाटात पहिल्यांदा मरतात त्या ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या, आसपासच्या केसपेशी. कानाची तपासणी केली की आलेखात नेमका तिथे खड्डा दिसतो, आणि अनुभवी तज्ज्ञ तो खड्डा पाहूनच विचारतो, कुठल्या शेडवर आहात?

आता अण्णांचं वाक्य. मराठीतले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दणदणीत असतात. स, श, त, फ, ख ही व्यंजनं उंच पट्टीत आणि क्षीण. खड्डा पडलेल्या कानाला 'साठ', 'आठ' आणि 'पाठ' तिन्ही जवळपास सारखेच. 'आठ' एवढं ऐकू येतं, त्याच्या आधीचं व्यंजन कळत नाही. टीव्ही मोठा केला तर स्वरच मोठे होतात, व्यंजनं तिथेच. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात ताग विणणाऱ्या बायकांची कानं तपासून १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ४००० हर्ट्झचं मुख्य नुकसान पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन जातं. बोलणं समजेनासं होतं ते त्यानंतर, जेव्हा खड्डा रुंदावत खालच्या पट्टीत शिरतो. म्हणजे तक्रार येते तेव्हा चोरी जुनी झालेली असते. त्यात २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी आणखी भर घातली. केसपेशी शाबूत, तपासणीत कान ठीक, तरीही पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले सांधे निम्म्याच्या आसपास तुटलेले. शांत खोलीत ऐकू येतं आणि बाजारात काहीच कळत नाही, याचं एक कारण तिथे असू शकतं.

कोंबडीच्या कानातल्या केसपेशी मेल्या तर नव्या उगवतात. हे १९८० च्या दशकात कळलं तेव्हा संशोधकांना मोठी उमेद वाटली. सस्तन प्राण्यांत मात्र तसं होत नाही. नव्या पेशी उगवाव्यात म्हणून बनवलेल्या एका औषधाची माणसांवरची चाचणी २०२१ मध्ये फसली. तोवर उपाय दोनच: उरलेल्या श्रवणासाठी यंत्र, आणि तरुण कानासाठी बोळा.

बोळ्याबद्दल थोडं. शेडमधली पोरं कानात कापूस कोंबतात, गावात कापसाला काय तोटा. सुका कापूस फारच थोडा आवाज अडवतो. फोमचे बोळे खरोखर अडवतात, पण मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला पत्र्याखाली, घामेजल्या कानात ते कुणी ठेवत नाही. आणि ज्याबद्दल सल्ले देणारे कधी बोलत नाहीत असं एक कारण आहे. मागवाला माग कानाने चालवतो. धागा तुटला, धोटा अडखळला, हे त्याला आधी आवाजातून कळतं. कान बंद करणं म्हणजे त्याच्या दृष्टीने अर्धे डोळे मिटणं. त्यामुळे 'कामगारच निष्काळजी' हा शेरा मला पटत नाही. धोटा न फेकता आडवा धागा पकडून नेणारे रेपियरचे माग आदळआपट तुलनेने कमी करतात. गप्प तेही नसतात.

राहिल्या अण्णांच्या घरच्या, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्या विड्या वळतात. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या साच्याने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायचा, गुंडाळायचं, दोरा बांधायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे. अक्कांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही.

तरीही त्यांच्यासारख्या बायकांच्या लघवीत कोटिनिन सापडतं. शरीर निकोटिनची विल्हेवाट लावतं तेव्हा मागे राहतो तो हा पदार्थ. निकोटिन काही तासांत उतरतं, कोटिनिन दिवसभर रेंगाळतं, म्हणून तपासायला तेच सोयीचं. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातल्या कामगारांमध्ये ते मोजलं, आणि तंबाखूवर प्रक्रिया करणाऱ्यांच्या पेशींत गुणसूत्रांची मोडतोडही वाढलेली पाहिली. वाट दुहेरी आहे. सूप हलवताना उडणारी बारीक भुकटी नाकातून जाते, आणि निकोटिन पाण्यात विरघळत असल्याने ते ओल्या बोटांच्या कातडीतूनही मुरतं. तंबाखूच्या शेतात ओली पानं तोडणाऱ्यांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते, तीही याच वाटेने. नवीन मुलगी विड्यांना बसली की पहिले काही दिवस तिला 'लागतं', असं आमच्याकडे बायका म्हणतात. मग सवय होते. सवयीचा अर्थ वर आलाच आहे.

यातलं काही करण्यासारखं अगदी साधं आहे. तंबाखू स्वयंपाकाच्या आणि निजायच्या खोलीत न ठेवणं, जेवणाआधी साबणाने हात धुणं, लहान मुलांना सुपाजवळ खेळू न देणं. एका खोलीच्या घरात यातलं पहिलं कसं पाळायचं, हे मात्र मला सांगता येत नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरकुलं झाली, त्याचा एक फायदा मला यासाठीही मोठा वाटतो: तिथे निदान आणखी एक भिंत आहे.

हे सगळं ज्याने सुरू केलं तो इटलीतला डॉक्टर, बेर्नार्दिनो रामाझ्झिनी. मोदेना शहरात त्याच्या घरचा मैला उपसायला आलेला माणूस घाईघाईने काम करत होता. एवढी घाई का, म्हणून त्याने विचारलं. या कामाने डोळे जातात, जास्त वेळ थांबलं तर आंधळा होईन, हे उत्तर मिळालं. मग तो कामाच्या जागी जाऊन माणसांशी बोलू लागला. १७०० मध्ये कारागिरांच्या आजारांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. भांगेच्या आणि जवसाच्या झाडाचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला त्याने नोंदवला, तांबट ठोके ऐकून बहिरे होतात हेही नोंदवलं. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता?

मागच्या महिन्यात अक्कांना खोकला सुटेना म्हणून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. केसपेपर लिहिणाऱ्या मुलाने नाव, वय, पत्ता विचारला. मग विचारलं, "काम?"

अक्का म्हणाल्या, "काही नाही बाळा, घरीच असते."

त्याने 'गृहिणी' लिहिलं. बोटांवरचे तपकिरी डाग त्यांनी पदराखाली घेतले होते.