पायाशी चेंडू येण्याआधीचे दोन सेकंद

११ ऑक्टोबर २००६, झाग्रेब. क्रोएशियाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात इंग्लंडच्या गॅरी नेव्हिलने आपला गोलरक्षक पॉल रॉबिन्सनकडे साधा बॅकपास, म्हणजे पायाने मागे ढकललेला चेंडू, दिला. रॉबिन्सनने चेंडू लांब फटकावण्यासाठी पाय फिरवला, पण नेमका तेव्हाच चेंडू जमिनीवरच्या उंचवट्याला लागून उसळला आणि त्याच्या पायावरून जाळ्यात गेला. इंग्लंड ०-२ असा हरला. यात दुर्दैव होतंच. पण तोच पास गोलच्या खांबाबाहेरच्या बाजूला आला असता, तर उसळीची किंमत फार तर एक कॉर्नर (प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यातून मिळणारी किक) ठरली असती. म्हणून बॅकपास घ्यायला शिकणाऱ्या गोलरक्षकाचा पहिला धडा हाच असतो: पास मागताना आधी गोलच्या चौकटीच्या बाहेर सरकायचं. गोल ७.३२ मीटर रुंद असतो, मधून बाहेर पडायला चार-पाच पावलं पुरतात.

१९९२ पर्यंत ही वेळच येत नव्हती. सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक खुशाल हातात घेई. १९९०च्या विश्वचषकात या वेळकाढूपणाने खेळ रटाळ झाला, सामन्यामागे सरासरी जेमतेम २.२१ गोल झाले आणि दोन वर्षांनी नियम बदलला. सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने दिलेला चेंडू हाताळला तर प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी किक. डोक्याने किंवा छातीने दिलेला मात्र चालतो.

आता थोडा हिशेब करू. वीस मीटरवरून सेकंदाला दहा मीटर वेगाने आलेला पास दोन सेकंदांत पोहोचतो. तेवढ्यात सेकंदाला सात मीटर धावणारा प्रतिस्पर्धी आघाडीपटू चौदा मीटर अंतर तोडतो. साध्या इशाऱ्याला प्रतिसाद द्यायलाच माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात. पर्याय वाढले की हा वेळही वाढतो, हे मानसशास्त्रात १९५०च्या दशकापासून माहीत आहे. चेंडू पायाशी आल्यावर विचार सुरू केला, तर उशीर झालेलाच असतो.

म्हणून माझ्या मते बॅकपास घेण्याच्या सरावात पायापेक्षा डोळ्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. भीती नजरेला धोक्याशी बांधून ठेवते. पेनल्टी घेणाऱ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की दडपणाखाली त्यांची नजर गोलरक्षकावर जास्त रेंगाळते आणि फटकेही त्याच्या जवळ जातात. बॅकपासच्या वेळी तेच उलट्या बाजूने घडतं: गोलरक्षक अंगावर येणाऱ्या आघाडीपटूकडेच बघत राहतो आणि मोकळा उभा असलेला बाजूचा बचावपटू त्याला दिसतच नाही.

यावर नजर फिरवण्याची वेळ शिकवता येते. बचावपटूने पास मारला की चेंडूची दिशा बहुतेक ठरलेली असते. मधल्या प्रवासात त्याच्यावरून नजर काढली तरी फारसं बिघडत नाही. तेवढ्यात डावी-उजवीकडे एक कटाक्ष, आणि शेवटच्या काही मीटरांत डोळे पुन्हा चेंडूवर, कारण उसळी तिथेच दगा देते. अंग अर्धवट वळलेलं असावं, म्हणजे पलीकडच्या पायाने चेंडू घेऊन मैदानाची दुसरी बाजू उघडता येते. पाय चेंडूसोबत किंचित मागे गेला, तर चेंडू थांबायला वेळ जास्त मिळतो, धक्का कमी बसतो आणि चेंडू पायाजवळ राहतो.

सराव कसा ठेवायचा, याबद्दल १९७९ मधला शिया आणि मॉर्गन यांचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. काहींनी हाताच्या तीन हालचाली एकेक करून घोटल्या, काहींनी सरमिसळ क्रमाने. सरावात दुसरा गट मागे पडला. नंतरच्या चाचणीत मात्र त्यानेच बाजी मारली. म्हणजे उजवीकडून वीस, मग डावीकडून वीस असे पास देणं दिसायला नीटस असलं, तरी सामन्यात ते अपुरं पडू शकतं.

त्याऐवजी पासची बाजू, वेग आणि उंची न सांगता बदलावी. खराखुरा आघाडीपटू कधी थेट, कधी वळण घेत धावून यावा. दोन्ही बाजूंच्या बचावपटूंपैकी कोण मोकळा राहणार, हे पास सुटल्यानंतरच ठरावं, म्हणजे गोलरक्षकाला वर पाहावंच लागेल. दोघांवरही प्रतिस्पर्ध्यांचा पहारा असेल अशी पाळीही मधूनच हवी. तेव्हा चेंडू लांब फटकावणं हेच योग्य उत्तर असतं आणि प्रशिक्षकाने त्याचं मनापासून कौतुक करावं.