काच दोन बोटं खाली ठेवली तरी गाडी तापतेच

'गाडी सावलीत लावा, काच दोन बोटं खाली ठेवा, कुत्रा अर्धा तास आरामात राहतो.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो काळजीपोटीच दिला जातो. पण तो खरा नाही.

ऊन काचेतून आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापवतं आणि त्यांची उष्णता आतली हवा तापवत राहते. दोन बोटांच्या फटीतून ती पुरेशी बाहेर जात नाही. बाहेर ३० अंश असताना आत दहा मिनिटांत साधारण ४० होतात, अर्ध्या तासात त्याहून बरेच जास्त. सावलीने हा वेग कमी होतो, पण सावली सरकते.

आपल्याला घाम येतो. कुत्र्याला तो जवळपास फक्त पंजांना येतो, त्यामुळे त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर. आतली हवाच तापली की त्या धापांनी अंग थंड होत नाही. पग जातीचा कुत्रा तर आखूड नाकामुळे आधीच कष्टाने श्वास घेतो.

पडताळायचंय? कुत्र्याला घरी ठेवा, गाडीत साधा थर्मामीटर ठेवून काच तशीच उघडी सोडा आणि दर पाच मिनिटांनी बाहेरून आकडा बघा.

बंद गाडीत कुत्रा लाळ गाळत, लडखडत असेल तर त्याला लगेच सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि थेट पशुवैद्याकडे न्या.