क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंग (१९६२)

सोव्हिएट संघाने क्यूबात गुप्तपणे आण्विक क्षेपणास्त्रे आणल्यामुळे ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिका व सोव्हिएट संघ यांच्यात जो संघर्ष उभा राहिला आणि अखेर वाटाघाटींनी मिटला, त्याला क्यूबा क्षेपणास्त्र पेचप्रसंग असे म्हणतात. शीतयुद्धाच्या संपूर्ण काळात दोन्ही महासत्ता अणुयुद्धाच्या सर्वांत जवळ याच वेळी आल्या होत्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा कालावधी १६ ते २८ ऑक्टोबर असा तेरा दिवसांचा सांगण्याची प्रथा आहे. मात्र ही मोजणी वॉशिंग्टनच्या बाजूने केलेली आहे. तैनातीचा सोव्हिएट निर्णय मे १९६२ मधला असून अमेरिकेची नाविक नाकेबंदी २० नोव्हेंबरला उठली, त्यामुळे मे ते नोव्हेंबर हा काळ एकसंध धरणे अधिक योग्य ठरते.

क्यूबात जानेवारी १९५९ मध्ये हुकूमशहा बातिस्ता यांची राजवट कोसळून फिदेल कास्त्रो सत्तेवर आले. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या सुमारे १,४०० क्यूबन निर्वासितांनी क्यूबाच्या किनाऱ्यावरील बे ऑफ पिग्ज येथे केलेली चढाई फसली. त्यानंतरही कास्त्रो यांना पदच्युत करण्यासाठी 'मोंगूस' या नावाने घातपाती कारवायांची योजना चालूच राहिली आणि जानेवारी १९६२ मध्ये अमेरिकन राज्यांच्या संघटनेतून क्यूबाच्या सरकारला वगळण्यात आले. दरम्यान, १९५७ मधील नाटोच्या निर्णयानुसार इटलीत ३० व तुर्कस्तानात इझमीरजवळ १५ मध्यम पल्ल्याची अमेरिकन 'ज्युपिटर' आण्विक क्षेपणास्त्रे उभी राहिली होती.

सोव्हिएट पंतप्रधान निकिता ख्रुश्चॉव्ह यांनी क्यूबात क्षेपणास्त्रे नेण्याचा धोका का पत्करला, याविषयी एकमत नाही. स्वतः ख्रुश्चॉव्ह यांनी क्यूबाचे संरक्षण हेच कारण दिले. दुसऱ्या मतानुसार खरे कारण सामरिक तोलाचे होते: आंतरखंडीय क्षेपणास्त्रे व दूर पल्ल्याची बाँबफेकी विमाने या दोन्हींत अमेरिका कितीतरी पुढे होती, आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री रॉझवेल गिलपॅट्रिक यांनी हे जाहीर भाषणात सांगून टाकल्यामुळे सोव्हिएट बलाढ्यतेचा आभास संपला होता. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे क्यूबात नेऊन ही उणीव थोड्या खर्चात भरून निघणार होती. बर्लिनच्या प्रश्नावर दबाव आणण्याचा हेतू होता, असे मानणाराही एक गट आहे. सोव्हिएट दप्तरे अंशतः खुली झाल्यानंतर पहिल्या दोन कारणांना एकमेकांपासून वेगळे काढणे कठीण झाले आहे. तरीही केवळ क्यूबाच्या संरक्षणासाठी पारंपरिक सैन्य पुरेसे ठरले असते, हा आक्षेप विचारात घेता सामरिक कारणाचे पारडे जड दिसते.

'अनादिर' या सांकेतिक नावाची मोहीम मार्शल मालिनोव्हस्की यांच्या संरक्षण मंत्रालयाने आखली. सुमारे २,००० किमी. पल्ल्याच्या आर-१२ क्षेपणास्त्रांची २४ आणि सुमारे ४,५०० किमी. पल्ल्याच्या आर-१४ क्षेपणास्त्रांची १६ प्रक्षेपण-स्थाने उभारावयाची होती. प्रत्यक्षात ३६ आर-१२ क्षेपणास्त्रे पोहोचली, तर आर-१४ क्षेपणास्त्रे क्यूबापर्यंत आलीच नाहीत. त्यांची स्फोटकशीर्षे मात्र 'अलेक्झांड्रोव्हस्क' जहाजावर येऊन पडून राहिली. जनरल इस्सा प्लियेव्ह यांच्या हाताखाली सुमारे ४२,००० सोव्हिएट सैनिक बेटावर होते. त्या वेळी अमेरिकन गुप्तचरांचा अंदाज याच्या जेमतेम चतुर्थांश होता.

१४ ऑक्टोबर रोजी यू-२ या अमेरिकन टेहळणी विमानाने क्यूबातील सान क्रिस्तोबाल परिसराची छायाचित्रे घेतली आणि १६ ऑक्टोबरच्या सकाळी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांनी ती बातमी राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या कानावर घातली. केनेडी यांनी नेमलेल्या सल्लागार समितीत प्रारंभी हवाई हल्ल्याकडे कल होता. पुढे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा व इतरांच्या आग्रहाने नाकेबंदीचा पर्याय मान्य झाला. नाकेबंदी हे आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार युद्धकृत्य ठरत असल्याने तिला 'क्वारंटाइन' असे नाव देण्यात आले. तिच्या समर्थनार्थ संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील स्वसंरक्षणाच्या ५१ व्या कलमाचा आधार घेण्याऐवजी अमेरिका खंडांतील राष्ट्रांचा १९४७ चा परस्पर-संरक्षणाचा रिओ करार पुढे करण्यात आला आणि २३ ऑक्टोबरला अमेरिकन राज्यांच्या संघटनेने त्यास संमती दिली. ही निवड हेतुपुरस्सर होती. स्वसंरक्षणाचा युक्तिवाद मान्य झाला असता, तर शेजारच्या देशात क्षेपणास्त्रे आहेत एवढ्याच कारणावरून हल्ला करण्याची मुभा तुर्कस्तानच्या बाबतीत सोव्हिएट संघालाही मिळाली असती. केनेडी यांनी २२ ऑक्टोबरच्या दूरचित्रवाणी भाषणात नाकेबंदी जाहीर केली व ती २४ ऑक्टोबरला अमलात आली.

त्या दिवशी सोव्हिएट जहाजे नाकेबंदीच्या रेषेवर अमेरिकन युद्धनौकांसमोर थबकली आणि शेवटच्या क्षणी मागे वळली, हे चित्र अनेक लोकप्रिय वर्णनांत आढळते. जहाजांच्या नोंदी तपासल्यावर ते टिकत नाही. क्षेपणास्त्रे वाहून नेणाऱ्या जहाजांना परतण्याचे आदेश आदल्या दिवशीच मिळाले होते आणि २४ तारखेला 'किमोव्हस्क' हे जहाज रेषेपासून शेकडो मैल दूर होते. 'बुखारेस्ट' या तेलवाहू जहाजाला पुढे जाऊ देण्यात आले, तर २६ ऑक्टोबरला सोव्हिएट भाड्याच्या 'मारुक्ला' या लेबननी जहाजाची झडती घेण्यात आली. खरा धोका समुद्रावरील या रेषेवर कमी आणि दोन्ही राजधान्यांच्या नियंत्रणाबाहेर अधिक होता.

याचा प्रत्यय २७ ऑक्टोबर रोजी आला. त्या दिवशी क्यूबातील बानेसजवळ सोव्हिएट विमानविरोधी क्षेपणास्त्राने एक यू-२ विमान पाडले व त्याचे वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन ठार झाले. प्लियेव्ह यांच्याशी संपर्क होऊ न शकल्याने हा आदेश त्यांच्या दोन दुय्यम जनरलांनी दिला होता. मॉस्कोची त्याला संमती नव्हती. त्याच दिवशी दुसरे एक यू-२ विमान वाट चुकून सोव्हिएट चुकोतका प्रदेशावर गेले. अमेरिकन विनाशिकांनी वर येण्याचा इशारा म्हणून टाकलेल्या सराव-बाँबांमुळे बी-५९ ही सोव्हिएट पाणबुडीही संकटात सापडली. तिच्यावर एक आण्विक पाणतीर आहे, हे अमेरिकनांना ठाऊक नव्हते. पाणबुडीवरील संदेशवेध-पथकाचे अधिकारी व्हादिम ऑर्लोव्ह यांच्या कथनानुसार कप्तान साव्हित्स्की यांनी तो पाणतीर सज्ज करण्यास सांगितले आणि पाणबुड्यांच्या ब्रिगेडचे प्रमुख स्टाफ अधिकारी व्हासिली अर्खिपोव्ह यांनी त्यांना आवरले. इतर काही अधिकाऱ्यांनी हा तपशील नाकारला आहे. घडलेल्या संवादाचे शब्द निश्चित मानता येत नाहीत. मात्र अशा आणीबाणीच्या वेळी पाणबुडीचा मॉस्कोशी संपर्क नव्हता आणि अखेर ती पृष्ठभागावर आली, एवढ्या बाबी निर्विवाद आहेत.

अल्प पल्ल्याच्या अण्वस्त्रांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९९२ च्या हवाना परिषदेत जनरल अनातोली ग्रिबकोव्ह यांनी 'लुना' रॉकेटांसाठी आण्विक शीर्षे बेटावर होती आणि अमेरिकन चढाई झाल्यास ती वापरण्याचा अधिकार प्लियेव्ह यांना देण्यात आला होता, असे सांगितले. मॅक्नमारा यांच्यासह उपस्थित अमेरिकनांना त्याचा धक्का बसला, कारण चढाईच्या योजना आखताना त्यांनी ही शक्यता गृहीत धरलेली नव्हती. नंतर प्रकाशात आलेल्या कागदपत्रांवरून शस्त्रांच्या अस्तित्वाला पुष्टी मिळाली: लुनासाठी १२, किनाऱ्यावरून डागावयाच्या एफकेआर क्षेपणास्त्रांसाठी ८० आणि आयएल-२८ या बाँबफेकी विमानांसाठी ६ बाँब असा तपशील सामान्यतः दिला जातो. मध्यम पल्ल्याची शीर्षे धरून एकूण संख्या दीडशेच्या वर जाते. अधिकाराबाबतचे विधान मात्र कागदपत्रांशी पूर्णपणे जुळत नाही. प्लियेव्ह यांना लुना वापरण्याची मुभा देणारा सप्टेंबर १९६२ मधील आदेशाचा मसुदा मालिनोव्हस्की यांच्या स्वाक्षरीविना राहिला, २२ ऑक्टोबरच्या आदेशातून अण्वस्त्रे वगळण्यात आली आणि २७ ऑक्टोबरला मॉस्कोच्या परवानगीशिवाय ती वापरू नयेत असे पुन्हा बजावण्यात आले. उन्हाळ्यात तोंडी मुभा दिली गेली असणे अशक्य नाही. परंतु पेचाच्या दिवसांत ती रद्द झाली होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि चढाई सुरू झाल्यावर लेखी मनाई कितपत पाळली गेली असती, हे यू-२ विमानाच्या घटनेमुळे शंकास्पद ठरते.

तोडगा दोन पत्रांतून व एका भेटीतून निघाला. २६ ऑक्टोबरच्या पत्रात ख्रुश्चॉव्ह यांनी अमेरिकेने क्यूबावर चढाई न करण्याचे वचन दिल्यास सोव्हिएट शस्त्रांची तेथे गरज उरणार नाही, असे सुचविले. २७ ऑक्टोबरला नभोवाणीवरून जाहीर झालेल्या दुसऱ्या पत्रात तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे हलविण्याची मागणी जोडली होती. अमेरिकेने जाहीरपणे फक्त पहिल्या पत्राला उत्तर दिले. त्याच संध्याकाळी महान्यायवादी रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएट राजदूत अनातोली डोब्रिनिन यांना भेटून काही महिन्यांत ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढली जातील, मात्र याचा उच्चार कोठेही होता कामा नये, असे सांगितले. २८ ऑक्टोबरला मॉस्को नभोवाणीने क्षेपणास्त्रे परत नेण्याचा निर्णय प्रसारित केला. हा समझोता लेखी स्वरूपात नोंदविण्यासाठी ख्रुश्चॉव्ह यांनी पाठविलेले पत्र रॉबर्ट केनेडी यांनी डोब्रिनिन यांना परत केले.

या गुप्ततेचा परिणाम दीर्घकाळ टिकला. उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनाही या देवाणघेवाणीची माहिती देण्यात आली नव्हती, आणि ठाम राहिल्यास प्रतिपक्ष माघार घेतो, हाच धडा अमेरिकेत पुढे गिरविला गेला. रॉबर्ट केनेडी यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून समझोत्याचा स्पष्ट उल्लेख आपणच वगळला, अशी कबुली राष्ट्राध्यक्ष केनेडींचे सहकारी थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ च्या मॉस्को परिषदेत दिली. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी १९८७ मध्ये आणखी एक गोष्ट उघड केली: गरज पडल्यास तुर्कस्तान-क्यूबा अदलाबदलीचा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांचे महासचिव ऊ थांट यांच्या तोंडून यावा, अशी तजवीज राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी करून ठेवली होती. यावरून हा पेच एकतर्फी माघारीने नव्हे, तर परस्पर सवलतींनी सुटला, हे मत आता दृढ झाले आहे.

या तोडग्यात क्यूबाला विचारले गेले नव्हते. कास्त्रो यांनी २६-२७ ऑक्टोबरच्या रात्री ख्रुश्चॉव्ह यांना लिहिलेल्या पत्रात, अमेरिकेने चढाई केल्यास तिला आण्विक प्रहाराची पहिली संधी देऊ नये, असे सुचविले होते; ख्रुश्चॉव्ह यांना ते धोकादायक वाटले. महिनाअखेर ऊ थांट हवानाला गेले, पण क्यूबन भूमीवर तपासणी होऊ देण्यास कास्त्रो यांनी ठाम नकार दिला. त्यामुळे परत जाणाऱ्या क्षेपणास्त्रांची मोजणी जहाजांच्या डेकवर, विमानांतून करावी लागली. सोव्हिएट उपपंतप्रधान अनास्तास मिकोयान यांनी नोव्हेंबरभर हवानात शिष्टाई केली. आयएल-२८ विमाने परत नेण्याचे मान्य झाल्यावर २० नोव्हेंबरला नाकेबंदी उठली. अल्प पल्ल्याची अण्वस्त्रे अमेरिकेच्या मागणीत नव्हती; ती मॉस्कोने स्वतःहून परत नेली.

याच सुमारास, २० ऑक्टोबरला, चीनने भारतावर मोठा हल्ला केला होता. मॉस्कोने 'प्रावदा' या सोव्हिएट कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या २५ ऑक्टोबरच्या अंकातून चीनचे प्रस्ताव स्वीकारण्याचा सल्ला भारताला दिला आणि पेच निवळल्यावर नोव्हेंबरच्या प्रारंभी पुन्हा तटस्थतेकडे झुकता सूर घेतला. महासत्ता गुंतल्याचे पाहून चीनने हल्ल्याची वेळ निवडली, असेही म्हटले जाते. परंतु त्यास थेट पुरावा नसून बीजिंगमधील तयारी क्यूबाच्या बातमीआधीच झालेली दिसते.

ज्युपिटर क्षेपणास्त्रे एप्रिल १९६३ पर्यंत तुर्कस्तानातून हलविण्यात आली. जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट संदेशवहनाच्या व्यवस्थेचा करार झाला आणि ५ ऑगस्ट १९६३ रोजी वातावरणातील, बाह्य अवकाशातील व पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावर अमेरिका, सोव्हिएट संघ व ब्रिटन यांनी सह्या केल्या. चढाई न करण्याचे अमेरिकेचे वचन मात्र औपचारिक करारात उतरले नाही. जानेवारी १९६३ मध्ये अमेरिका व सोव्हिएट संघ यांनी क्यूबाचा विषय सुरक्षा समितीच्या कार्यपत्रिकेवरून वगळण्याची विनंती ऊ थांट यांना संयुक्त पत्राने केली.