सहाशे साचे आणि कामोतिम

गाडीतली मॅपवाली बाई डिचोलीला 'बिचोलिम' म्हणते नि केपेला 'क्वेपेम'. आम्ही हसतो, पण तिला तरी काय बोलणार, बोर्डावर इंग्रजीत तसंच लिहिलंय. शेवटचा तो 'म' पोर्तुगीजांनी नाकातल्या उच्चारासाठी घातलेली खूण, तो म्हणायचाच नसतो. आता हे मशीनला कोण सांगणार? आणि मशीनसाठी आपण वाकायचं ही गोष्ट गोव्यात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे.

१५५६ साली भारतातला पहिला छापखाना गोव्यात उतरला, खरं तर तो निघाला होता ॲबिसिनियाला (आजचं इथिओपिया), पण इथेच राहिला, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. पुढे १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री आले, त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, जवळजवळ ११ हजार ओव्या, आणि १६१६ मध्ये गोव्यातल्याच राचोलला ते छापलं गेलं ते रोमन लिपीत! मराठी ओवी, अक्षरं परकी. असं नाही की त्यांना सुचलं नव्हतं. १६०८ च्या पत्रात त्यांनी रोमला कळवलं होतं की इथल्या लिपीत पुस्तकं छापलेली बघायची फार इच्छा आहे, मलबारात तशी आहेतही (तमिळचे ठसे तोवर पाडून झाले होते), पण इथल्या लिपीला म्हणे अक्षरं पाडायला सुमारे ६०० साचे लागतील आणि युरोपात २४ वर भागतं. म्हणजे लिपीच 'जास्त' ठरली, छापखाना 'कमी' नाही ठरला. मला तर सगळी गोम इथेच दिसते.

कॉम्प्युटरचंही तेच. १९६३ चं आस्की, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये कुठल्या अक्षराला कुठला आकडा ते ठरवणारी यादी, तिच्यात १२८ जागा, त्यात इंग्रजी बसली, बाकीच्यांनी आपापलं बघावं. आपल्याकडे १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड ठरला, आणि हे काम माणसाचा विचार करून केलेलं होतं, डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, क वर शिफ्ट दाबला की ख, मराठीत शिकलात की कन्नडही त्याच जागी सापडणार. पण बटणांवर छापलेलं असायचं इंग्रजी, मग शिकणार कोण? गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, कागदावर. टायपिंग मात्र ज्याच्या-त्याच्या फॉन्टात, दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की नुसता कचरा. १९९१ मध्ये युनिकोड आलं, सगळ्या लिप्यांसाठी एकच यादी, तेही सगळीकडे पोचायला वेळ लागला, आणि आपला 'ॲ' तर त्यात २००८ मध्ये आला, तोवर अ वर चंद्र चिकटवून भागवायचो, दिसायला सारखंच पण मशीनला दोन वेगळ्या गोष्टी.

आता खरी भानगड नावांची. पोर्तुगीज दफ्तरात 'श' चा एक्स व्हायचा, कामतांचे कामोतिम, प्रभूंचे पोरोबो. रजिस्टर माणूस वाचायचा तोवर चालून गेलं, कारकून ओळखीचा असला की काम होतंच, फोंड्यात कामोतिम म्हणजे कोण हे त्याला सांगावं लागत नव्हतं. ऑनलाईन फॉर्मला ते कळत नाही, तो अक्षराला अक्षर लावून बघतो नि 'नेम मिसमॅच' म्हणून परत पाठवतो. नाव बदलायला १९९० चा कायदा आहे, पण म्हणजे धावायचं कोणी? ज्याचं नाव त्यानेच. आमच्या घरी आजोबांच्या जन्मदाखल्यावर एक, जमिनीच्या कागदावर दुसरं, आधारवर तिसरं, घरात बोलणं कोकणी, पेपर मराठी, आणि कुठल्याच कागदावर ते नाव नाही ज्या नावाने आजी त्यांना हाक मारायची.

गेल्या महिन्यात एका फॉर्मात ते नाव मी देवनागरीत टाकून बघितलं, लाल अक्षरांत उत्तर आलं, फक्त इंग्रजी अक्षरं वापरा.