एसी किंवा हीटर: दुरुस्त करायचा की बदलायचा?

यंत्र बंद पडलं की आम्हाला पहिला प्रश्न येतो, "आता नवाच घ्यावा का?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: आधी नेमकं काय बिघडलंय ते पाहू, यंत्राच्या वयाचं नंतर बोलू.

कारण पुष्कळदा बिघाड अगदी किरकोळ निघतो. बाहेरच्या युनिटमधून नुसती घरघर ऐकू येते, पण पंखा किंवा कॉम्प्रेसर (गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारा पंप) फिरत नाही, तेव्हा बहुधा कॅपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला विजेचा जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. तो बदलला की बारा वर्षांचं यंत्रही पुन्हा चालू लागतं. आतल्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ धरला असेल तर आधी फिल्टर काढून बघा. जाळी धुळीने बुजली की कॉइलवरून हवा फिरत नाही आणि कॉइल गोठते. खोलीत पाणी ठिबकत असेल तर निचऱ्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. एवढ्यासाठी कुणी यंत्र बदलायला सांगितलं, तर "का?" असं जरूर विचारा.

"गॅस संपला" म्हणजे काय?

एसीत थंडावा आणणारा गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं. योग्य काम असं होतं: नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरून गळतीची जागा शोधायची, ती बुजवायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची, मगच गॅस वजन करून भरायचा. याला वेळ लागतो. दहा मिनिटांत गॅस भरून गेलेला मेकॅनिक गळती तशीच ठेवून गेलेला असतो. गळती एखाद्या जोडावर असेल तर दुरुस्ती खुशाल करा. कॉइलच जागोजागी गंजली असेल तर एक भोक बुजवेपर्यंत दुसरं पडतं.

गॅस कोणता, हेही पाहावं लागतं. जुन्या यंत्रांतला आर-२२ ओझोनच्या थराला मारक आहे. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचं उत्पादन २०२० पर्यंत जवळजवळ थांबलं, विकसनशील देशांसाठी ही मुदत २०३० आहे. त्याच्या जागी आर-४१०ए हा नंतर आलेला गॅस भरून चालत नाही. त्याचा दाब दीडपटीहून जास्त असतो आणि त्याला तेलही वेगळं लागतं. म्हणून आर-२२चं यंत्र मोठ्या गळतीने बंद पडलं, तर आम्ही ते बदलायलाच सुचवतो.

कॉम्प्रेसर जळणं हा सगळ्यात अवघड प्रसंग. जळताना तयार झालेलं आम्ल तेलाबरोबर सगळ्या नळ्यांत पसरतं. नळ्या साफ न करता, नवा फिल्टर-ड्रायर (नळ्यांतली ओल आणि कचरा टिपणारा भाग) न लावता दुसरा कॉम्प्रेसर बसवला तर तोही लवकर जातो. निर्णयाआधी वॉरंटीचे कागद शोधा, कारण कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकी यंत्रापेक्षा बरेचदा जास्त वर्षांची असते. वॉरंटी संपलेली, यंत्र दहा वर्षांपुढचं आणि दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीवर जाणारी, असं असेल तर बदला. हा आमचा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

गॅसवर चालणाऱ्या हीटरच्या बाबतीत मात्र हिशेब करत बसू नका. त्याच्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्वाळेची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला, तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो, आणि तो जीव घेतो. तडा सापडला की हीटर त्याच क्षणी बंद करा.

नवं यंत्र घ्यायचं ठरलं तर "थोडं मोठंच घेऊ" हा मोह टाळा. गरजेपेक्षा मोठं साधं (इन्व्हर्टर नसलेलं) यंत्र खोली झटकन थंड करून बंद होतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा बंद होतं. हवेतली ओल निघायला वेळच मिळत नाही, म्हणून खोली गार असूनही चिकचिक वाटते. आम्ही खोलीचं माप, खिडक्या, वरचं छत आणि येणारं ऊन पाहूनच क्षमता सांगतो.

फोन करताना बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचून गॅसचं नाव आणि उत्पादनाचं वर्ष सांगा. मागच्या दोन वर्षांत किती वेळा गॅस भरला, तेही आठवून ठेवा.