नेता खोटे बोलला, हे बातमीत कसे लिहायचे?

कांदा निर्यातबंदी उठल्याची बातमी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यात पोहोचली. सत्ताधारी नेत्यांनीच तसे जाहीरपणे सांगितले होते. लासलगावला १७ तारखेला क्विंटलमागे १,२८० रुपये असलेला सर्वसाधारण दर १९ तारखेला १,८०० वर गेला. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी खुलासा केला की बंदी उठलेलीच नाही, ३१ मार्चपर्यंत ती कायम आहे. चढ्या भावाने माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला आणि भाव अजून चढेल म्हणून ट्रॅक्टर घरी ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हा खुलासा महागात पडणारा होता.

पुढे २७ एप्रिलला केंद्राने सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवण्याच्या परवानगीचे पत्रक काढले आणि नवा दिलासा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्यातल्या बहुतेक परवानग्या मार्चमध्येच निघाल्या होत्या. नाशिक आणि दिंडोरीचे मतदान तेव्हा महिन्याच्या आत आले होते.

या दोन घटना मला सारख्या वाटत नाहीत. फेब्रुवारीत सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, पण सांगणाऱ्याला ती खोटी असल्याचे ठाऊक होते, याचा पुरावा समोर नव्हता. एप्रिलमध्ये मात्र जुन्या अधिसूचना सगळ्यांना उपलब्ध होत्या. त्या वाचूनही कुणी जुनी परवानगी नवी म्हणून सांगितली असेल, तर त्याला ‘दिशाभूल’ म्हणणेसुद्धा सौम्य आहे.

कागद पक्का नसताना हेतूवर बोट ठेवले तर काय होते, हे मराठी पत्रकारितेने अगदी सुरुवातीला भोगले आहे. ‘केसरी’ १८८१ साली सुरू झाला. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आणि त्यामागे दिवाण बर्वे आहेत, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले. आधार होता काही पत्रांचा, आणि ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. महाराजांचे हाल खरोखर होत होते का, हा मूळ प्रश्न खटल्यात बाजूलाच पडला. बाहेर आल्यावर लोकांनी दोघांना डोक्यावर घेतले, पण म्हणून ती पत्रे खरी ठरली नाहीत.

बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतले कलम ४९९-५०० आता भारतीय न्याय संहितेत ३५६ म्हणून आले आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. दुसरीकडे संसदेतले भाषण जसेच्या तसे छापणाऱ्याला संरक्षण आहे. फिरोज गांधींच्या प्रयत्नांतून १९५६ मध्ये तसा कायदा झाला, आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने विधिमंडळांच्या वृत्तांतालाही संरक्षण मिळाले. कायदा गरजेचाच होता, यात शंका नाही. पण त्यातून एक विचित्र स्थिती तयार झाली: सभागृहातले खोटे विधान छापणे सुरक्षित, आणि बोलणाऱ्याला खोटारडा म्हणणे जोखमीचे. ‘अमुक म्हणाले, तमुकांनी फेटाळले’ या साच्याची सवय लागण्यात या जोखमीचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेत हा वाद उघडपणे झाला. बातमीदाराने नेत्यांची चुकीची विधाने तिथल्या तिथे खोडावीत का, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या लोकसंपादकाने (वाचकांच्या बाजूने दैनिकाची झाडाझडती घेणाऱ्या संपादकाने) २०१२ मध्ये विचारले, तेव्हा हा प्रश्न पडतोच कसा म्हणून वाचक संतापले. ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, असे ट्रम्प जे सांगत आले होते, त्याला २०१६ मध्ये त्याच दैनिकाने मथळ्यात खोटे म्हटले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या संपादकांचा आक्षेप होता की हा शब्द वापरला की हेतूही सिद्ध करावा लागतो. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतली ३०,५७३ खोटी वा दिशाभूल करणारी विधाने मोजली.

आपल्याकडे अडचण फक्त हेतूची नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत उमेदवारांचे गुणगान शब्दशः एकच छापून आले आणि ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेली जाहिरात, उघडी पडली. जागा विकणाऱ्या दैनिकाने गिऱ्हाइकालाच खोटे कसे म्हणावे?

हे काम सरकारकडे सोपवण्याचा प्रयत्नही झाला. सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारी कक्षच ठरवणार, असा नियम केंद्राने २०२३ मध्ये आणला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. ते योग्यच झाले, पण ओझे पुन्हा वृत्तपत्राच्या डेस्कवर आले.

नाशिकमध्ये ते उचलायचे तर एक क्रम पाळता येईल, असे मला वाटते. विधान चुकीचे असेल तर ते मथळ्यातच सांगावे, सहाव्या परिच्छेदात नव्हे. मग कागद त्या नेत्याला दाखवून उत्तर मागावे, आणि त्यानंतरही तेच विधान आले तर ‘खोटे बोलले’ असे लिहावे. २०२७ च्या सिंहस्थाआधी गोदावरीच्या पाण्याबद्दल अनेक दावे होतील. प्रत्येक दाव्याची तारीख आणि त्या दिवसाचा पाणी तपासणीचा अहवाल आतापासून शेजारी शेजारी ठेवायला हवा.